खिशातला साक्षीदार

विमानात फोन फ्लाइट मोडवर टाकला तरी त्यातलं जीपीएस कसं चालतं, असं पुष्कळजण विचारतात. उत्तर सोपं आहे. जीपीएस काही पाठवत नाही, फक्त ऐकतं. तुमच्या समोरच्या रेडिओसारखंच. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपापली वेळ आणि जागा सतत सांगत असतात. निदान चार उपग्रहांचं बोलणं कानावर आलं, की यंत्र आपली जागा आणि उंची काढतं.

हा आवाज मात्र फार क्षीण असतो आणि विमानाचं धातूचं अंग तो अडवतं. म्हणून मधल्या रांगेतल्या प्रवाशाच्या हाती सहसा काही लागत नाही. यंत्र खिडकीच्या काचेशी धरावं लागतं. शिवाय निघण्यापूर्वी मोकळ्या आभाळाखाली ते एकदा चालू करून घ्यावं, नकाशाही आधीच उतरवून ठेवावा. विमान कंपन्यांचे नियम वेगवेगळे असतात. कर्मचाऱ्यांना विचारावं आणि ते नाही म्हणाले तर वाद घालू नये.

एवढं केलं की मौज दिसते. हिवाळ्यात मुंबईहून कोलकात्याला जाताना जमिनीच्या हिशेबातला वेग परतीपेक्षा जास्त भरतो, कारण उंचावरचे पश्चिमी वारे तेव्हा विमानाच्या पाठीशी असतात. मनगटावर हवेच्या दाबावरून उंची सांगणारं घड्याळ असेल, तर ते दोन हजार मीटरच्या आसपास दाखवतं आणि जीपीएस दहा हजार! दोघंही खरंच बोलतात. घड्याळ बिचारं केबिनमधल्या हवेची उंची सांगत असतं.

एक गोष्ट मात्र गंमतीची नाही. गिर्यारोहक वापरतात त्यांतली काही जीपीएस यंत्रं उपग्रहामार्फत निरोपही पाठवतात. म्हणजे ती नुसती ऐकत नाहीत, बोलतातही. असं यंत्र परवान्याशिवाय भारतात आणता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवाशाला त्यापायी पोलीस कारवाईला तोंड द्यावं लागलं. परदेशातून भाचा-पुतण्या ट्रेकिंगला यायचा असेल, तर त्याला हे आधीच कळवा.

आता पाण्याकडे वळू. डेकवर आभाळ मोकळं असतं, त्यामुळे तिथे यंत्र छान चालतं. वेग नॉटमध्ये लावावा; एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर. पण ‘अमुक ठिकाणी ने’ म्हटलं, की साधं यंत्र सरळ रेघ ओढून मोकळं होतं. वाटेत खडक आहे, ओहोटी लागली आहे, कुणी जाळं टाकलं आहे, हे त्याला काय ठाऊक? मुंबईहून खांदेरीच्या अंगानं दक्षिणेला जाणारा नाखवा त्या रेघेपेक्षा पाण्याकडे आणि दीपगृहाकडे जास्त बघतो.

आणि यंत्राला ऐकूच येईनासं झालं तर? जून १९९५ मध्ये ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बॉस्टनला निघालं. जहाजावर दीड हजार माणसं. तास होतो न होतो तोच जीपीएसच्या अँटेनाची तार सुटली. यंत्र बंद पडलं नाही. दिशा आणि वेग यांवरून ते अंदाजानं जागा सांगत राहिलं. तशी सूचना पडद्यावर होती, पण बारीक अक्षरांत. ती कुणी वाचली नाही. वारा आणि प्रवाह जहाजाला हळूहळू बाजूला ढकलत होते. लोरान नावाची दुसरी यंत्रणा तिथेच खरी जागा दाखवत होती. ती ताडून पाहिली गेली नाही. वाटेतला एक बोया दिसला नव्हता, तरी तो मागे पडला असं अधिकाऱ्यानं धरून चाललं. १० जूनच्या रात्री नॅन्टकेट बेटाच्या पूर्वेला जहाज वाळूत रुतलं. ठरल्या वाटेपासून ते १७ सागरी मैल भरकटलं होतं. जीवितहानी झाली नाही, हे नशीब.

त्या रात्री डेकवर एखाद्या प्रवाशाकडे स्वतःची अँटेना आणि स्वतःचे सेल असलेलं साधं जीपीएस असतं, तर त्यावर खरी जागा दिसली असती. त्या काळी अमेरिकी लष्कर नागरी संकेतांत मुद्दाम सुमारे १०० मीटरची खोट ठेवत असे. ती मे २००० मध्ये काढली गेली. पण कुठे १०० मीटर आणि कुठे ३१ किलोमीटर!

अर्थात, आकाशातून येणारा संकेतच कुणी खोटा केला, तर खिशातलं यंत्रही जहाजाइतकंच फसतं. २०२३ पासून पश्चिम आशियावरून जाणाऱ्या वैमानिकांना याचा अनुभव आला आहे. म्हणून छोट्या होडीनं जाणाऱ्यांनी दर अर्ध्या तासाला अक्षांश, रेखांश आणि वेळ वहीत पेन्सिलीनं उतरवावी. जोडीला होकायंत्र, जादा सेल आणि यंत्रासाठी घट्ट बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी ठेवावी. सागरी वापराच्या पुष्कळ यंत्रांवर ‘एमओबी’ ही खूण असते. माणूस पाण्यात पडला तर ती दाबायची. त्या क्षणाची जागा नोंदली जाते. प्रवाह माणसाला पुढे नेतो, पण शोध कुठून सुरू करायचा हे तरी कळतं. ती कळ कुठे आहे, हे धक्क्यावर उभे असतानाच पाहून ठेवा.