वेळापत्रक कुठे अडते?



शाळा उघडण्याच्या आठवड्यात कुणा एका गुरुजींवर वेळापत्रक करण्याची कामगिरी येते. गणिताचे शिक्षक एकच, आणि आठवी-नववी दोघींनाही त्यांचा पहिला तास हवा. विज्ञानाच्या बाई एसटीने येतात; पहिला तास त्यांना देता येत नाही. मैदान एक, वर्ग पाच. इकडचा तास हलवावा, तर तिकडे दोन तास एकमेकांवर येतात. आमच्या महाविद्यालयात मी हे काम चार वर्षे केले. एका वर्षी तीन रात्री जागूनही ते जुळेना, आणि ‘तुम्हाला हे जमायचे नाही’ असे ऐकून घ्यावे लागले. दोष खरेच माझा होता काय? याचे उत्तर मला पदार्थविज्ञानात सापडले.

आधी पसारा पाहा. आठ तास आणि आठ विषय असले, तर एका वर्गाची एका दिवसाची मांडणी ४०,३२० प्रकारे होते. पाच वर्गांच्या मिळून मांडण्या होतात एकावर तेवीस शून्ये, किंबहुना थोड्या अधिकच. यंत्राने दर सेकंदाला एक अब्ज तपासल्या, तरी तीस लाखांवर वर्षे लागतील!

अशा गर्दीचा विचार करण्याची रीत एकोणिसाव्या शतकात बोल्ट्झमान प्रभृतींनी घालून दिली. एकेका कणाचा माग काढू नका, समूहाचा स्वभाव पाहा, हे तिचे सार. या शास्त्राला सांख्यिकीय यामिकी म्हणतात. त्यातील कामाबद्दल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अनेक वर्षे संशोधन केलेले दीपक धर यांना २०२२ साली बोल्ट्झमान पदक मिळाले. आता याच दृष्टीने आपला तक्ता पाहा. मोडलेली प्रत्येक अट म्हणजे एक माप ऊर्जा. सगळ्या अटी पाळल्या की ऊर्जा शून्य.

मग ती शून्यावर आणायची कशी? आपला लोहार पाहा. विळ्याचे तापलेले पाते एकदम पाण्यात घातले, तर ते कडक होते पण ठिसूळ राहते. राखेत सावकाश निवू दिले, तर आतल्या कणांना नीट बसायला सवड मिळते. किर्कपॅट्रिक, गेलॅट आणि व्हेकी यांनी १९८३ साली हीच युक्ती गणितात आणली. आरंभी एखादा बदल नुकसानीचा असला तरी चालवून घ्यायचा, आणि ही सूट हळूहळू कमी करीत न्यायची. आपण चुकतो ते इथेच. चार वर्ग जुळले की त्यांना हात लावायला मन धजत नाही, आणि पाचवा अडून बसतो.

पण ही युक्तीही कधी कधी हरते. समजा, पुष्कळ गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ आहे. सहजगत्या निवडलेली प्रत्येक अट म्हणते, या तिहींपैकी निदान एक तरी माझ्या मनासारखी हवी. गोष्टींच्या मानाने अटी सुमारे ४.२७ पटींहून कमी असल्या, तर उत्तर बहुधा असतेच. त्याहून अधिक झाल्या की बहुधा नसतेच. सर्वांत बिकट प्रश्न या सीमेच्या आसपास असतात.

असे का व्हावे? मेझार, पारिझी आणि झेक्किना यांनी २००२ साली याचा उलगडा मांडला. त्यांतील पारिझी यांना पुढे २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या जिल्ह्यातल्या लहान नद्या आठवा. श्रावणात पाणी सलग असते, मासा कुठूनही कुठे जातो. चैत्रात त्याच नदीचे सुटे डोह होतात. उत्तरांचेही तसेच आहे. अटी वाढत गेल्या की ती सुट्या पुंजक्यांत विखुरतात, आणि एकेक तास हलवीत तिथवर पोचणे फार कठीण होते.

४.२७ हा आकडा शाळेच्या तक्त्याला जसाच्या तसा लावू नये. आपल्या अटी काही सहजगत्या निवडलेल्या नसतात. तरीही बोध घेण्याजोगा आहे. तक्ता अडला की नेहमी माणूसच कमी पडलेला असतो, असे नव्हे. कधी अटीच सीमेवर येऊन ठेपलेल्या असतात.

त्या वर्षी मी अखेर एका सहकाऱ्याला विनविले, ‘पहिल्या तासाचा आग्रह तेवढा सोडता का?’ त्यांनी तो सोडला, आणि तासाभरात तक्ता जुळला. म्हणून मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे: गुरुजींना बोल लावण्यापूर्वी आपण घातलेल्या अटी एकदा मोजून पाहाव्यात.