धार काढत नाही म्हणून कास बघायची नाही?

सेकंड शिफ्टची बस तळेगाव चौकात अडकली असेल, तर हा भाग तिथल्या तिथे ऐकून होईल. आजचा विषय आहे नुकत्याच व्यालेल्या गायीची कास. हसू नका, आपल्यातले कितीतरी जण दिवसा चाकणला लाईनवर असतात आणि घरी गेले की गोठ्यात. मी सॉफ्टवेअरवाला आहे, जनावरांचा डॉक्टर नाही. त्यामुळे औषधांची नावं सांगणार नाही. काय बघायचं आणि डॉक्टरांना कधी बोलवायचं, एवढंच सांगतो.

आणि आज एचएफ गायीबद्दल नाही, खिलारबद्दल बोलू. खेड, मावळ, आंबेगाव, इकडे मोशी-चिखली, हा सगळा बैलगाड्याचा पट्टा. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना परत परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. घाट परत गाजायला लागले, तशी दावणीच्या खिलार गायीचीही किंमत वाढली. ही गाय कोणी डेअरीला दूध घालायला ठेवत नाही. ती ठेवतात गोऱ्ह्यासाठी. चांगल्या खोंडाला लाखांत मागणी येते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता गंमत बघा. एचएफ गायीची दिवसातून दोनदा धार काढतात. म्हणजे दोनदा कासेला हात लागतो. गाठ असो, गरमपणा असो, दुधात गुठळी असो, लगेच कळतं. खिलारचं दूध मुळात कमी, तेही बहुतेक वासरूच पितं. मग कासेला हात लावणारं कोणी उरतच नाही.

परदेशात मांसासाठी ज्या गायी पाळतात, त्यांचंही असंच असतं. धार काढत नाहीत, सगळं दूध वासराला. पण अमेरिकेतले असे पशुपालक गाय व्याल्यावर शक्यतो २४ तासांच्या आत कासेला आणि सडांना १ ते ९ असे गुण देतात. ९ म्हणजे उत्तम. रोज हात लागत नाही, म्हणूनच ते मुद्दाम बघतात.

कासेत चार सड आणि चार वेगळे कप्पे असतात. एका कप्प्यातलं दूध दुसऱ्यात जात नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर चार वेगळे सर्व्हर. एक बंद पडला तरी बाकीचे तीन चालू राहतात, त्यामुळे बोंब होत नाही. वासरूसुद्धा तीन सडांवर भागवतं. पण दगडी, म्हणजे कासदाह, एकदा आत मुरला की तो कप्पा कायमचा जाऊ शकतो. पुढच्या प्रत्येक वेताला वासराच्या तोंडचं तेवढं दूध कमी. आणि ज्या वयात हाड-मांस भरायचं, त्याच वयात गोऱ्हा मागे पडतो.

मग बघायचं काय? व्याल्याच्या दिवशी पाच मिनिटं काढा.

पहिलं, कास. पहिल्या वेताला व्यायच्या आसपास दोन्ही बाजूंना सूज येते. बोट दाबलं की खळगा पडतो, कास गरम नसते, गाय लाथ मारत नाही. ही सूज बहुतेक वेळा आपोआप उतरते. पण एकच कप्पा कडक, लाल, गरम असेल आणि गाय हात लावू देत नसेल, तर ती दगडीची शंका. कास थंड आणि निळसर पडली किंवा गायीने चारा सोडला, तर सकाळची वाट बघू नका. डॉक्टरांना ताबडतोब बोलवा.

दुसरं, धार. हात धुवा, सड पुसा आणि प्रत्येक सडातून दोन-तीन धारा काळ्या ताटलीत किंवा काळ्या फरशीच्या तुकड्यावर काढा. गोठ्यातल्या जमिनीवर नको, जंतू पसरतात. चीक पिवळा आणि घट्टच असतो, त्याला घाबरायचं नाही. गुठळ्या, पू, पाण्यासारखं पातळ किंवा लालभडक दिसलं तर डॉक्टर. त्या सडाचं दूध वासराला पाजू नका.

तिसरं, वासरू. जार पडेपर्यंत वासराला पाजायचं नाही, असं अजूनही बरेच जण सांगतात. घरातल्या आजी-आजोबांचा मान ठेवून सांगतो, हे सोडायला हवं. चिकातली रोगप्रतिकारक शक्ती वासराच्या आतड्यातून पहिल्या काही तासांतच नीट शोषली जाते. साधारण २४ तासांनी ते दार बंद होतं. वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पहिल्या दिवशी पोटात जायला हवा. पंचवीस किलोचं वासरू असेल तर अडीच लिटर. आणि वासरू प्यायलं की गर्भाशय आकुंचन पावायला उलट मदतच होते. खरवस वासराचं पोट भरल्यावर.

सड फार जाड असतील तर नवजात वासराच्या तोंडात मावत नाहीत. थोडी धार काढून सड मऊ करा आणि तोंडात धरून द्या. संध्याकाळी परत बघा. तीन सड सुकलेले आणि एक तट्ट फुगलेला असेल, तर वासरू तो पीत नाहीये. त्याचं कारण शोधा.

पावसाळ्यात बसायची जागा कोरडी ठेवा. शेणात बसलेल्या गायीच्या सडातून जंतू आत जायला वेळ लागत नाही. आणि मेडिकलमधून आणलेली ट्यूब स्वतःच्या मनाने सडात सोडू नका. चुकीचं औषध, अर्धवट कोर्स, मग तोच जंतू औषधाला दाद देत नाही. सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री नंबर आहे. आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा.

शेवटचा मुद्दा शर्यतवाल्यांसाठी. गोऱ्हा घेताना आपण बाप कोणत्या घाटात पळाला ते विचारतो. आईची कास कोण बघतं? कासेची ठेवण आणि सडांची जाडी पुढच्या पिढीत उतरते. हाच वळू उद्या गायींना लावला, तर त्याच्या कालवडींत ती दिसणार. म्हणून चाकणच्या शनिवारच्या बाजारात गाय बघताना शिंगं, वशिंड, चाल बघाच, पण खाली वाकून चारही सड एकदा हाताने तपासा. विकणारा हसला तर हसू द्या.

ज्याच्या दावणीला गाभण गाय आहे त्याला हा भाग पाठवा. काही विचारायचं असेल तर व्हॉइस नोट टाका, डॉक्टरांना विचारून उत्तर देऊ. भेटू पुढच्या भागात.