संगणकाची कार्यपट्टी आणि कामाचा वेग



हुबळी-धारवाडच्या ‘कर्नाटक वन’ केंद्रात बिल भरण्यासाठी किंवा तहसील कचेरीत पहाणीचा उतारा घेण्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या नागरिकाला संगणकाचा पडदा बहुधा पाठमोराच दिसतो. त्या पडद्याच्या तळाशी असलेल्या बोटभर पट्टीवर आपला वेळ अवलंबून आहे, अशी शंकाही त्याला येत नाही. हीच कार्यपट्टी, म्हणजे टास्कबार.

‘भूमी’ योजनेखाली कर्नाटकातील सुमारे दोन कोटी जमीन-उतारे २००० सालच्या सुमारास संगणकावर आले. दप्तर बदलले, परंतु ते उघडणारा हात माणसाचाच राहिला.

लक्ष्य जितके दूर आणि लहान, तितका तेथे पोहोचण्यास हाताला वेळ अधिक, हे पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवून दिले. या बाबतीत पडद्याची कड मोठी उपकारक होय. माऊसचा बाण कडेपलीकडे जात नाही; सबब कडेला टेकलेले बटण न पाहताही गाठता येते. १९९५ साली विंडोजमध्ये ही पट्टी आली, तेव्हा ‘स्टार्ट’ बटणाभोवतीची बारीक रेघ निष्क्रिय राहिली होती आणि अगदी कोपऱ्यात नेलेला बाण फुकट जात असे! पुढे ती उणीव दूर झाली.

२००९ च्या विंडोज ७ मध्ये मूळ मांडणीतच बटणांवरील नावे जाऊन केवळ चिन्हे उरली आणि एका प्रोग्रामच्या सर्व खिडक्या एकाच चिन्हाखाली गोळा झाल्या. पट्टी देखणी झाली, यात संशय नाही. पण समजा, चालकाने ब्राउझरच्या तीन खिडक्या उघडल्या आहेत: अर्ज, पावती आणि नोंदवही. पूर्वी नाव वाचून एका टिचकीत मिळणारी खिडकी आता आधी चिन्ह गाठून, मग उलगडलेल्या चित्रांतून ओळखून काढावी लागते. दर अर्जास अशा सहा खेपा आणि दर खेपेस एक सेकंद जादा धरला, तर दोनशे अर्जांत वीस मिनिटे जातात. ती रांगेतील माणसाची असतात.

आवडीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. सोयीचे तेच माणसाला बहुधा आवडते, तथापि सवयीचे व सोयीचे यांत गल्लतही होते. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये नावांसह सुटी बटणे ठेवण्याची मुभाच नव्हती. वापरणाऱ्यांनी तक्रारींचा नेट सोडला नाही, आणि २०२३ मध्ये ती परत मिळाली. ही तक्रार निव्वळ सवयीची नव्हती, असेच वरील हिशेब सांगतो.

म्हणून कचेरीत नवे संगणक बसविताना सर्वांना एकच मांडणी लावून देण्यापूर्वी काउंटरवरील चालकाशेजारी घड्याळ घेऊन तासभर बसावे. दोन्ही मांडण्यांत प्रत्येकी पंचवीस अर्ज मोजावेत, आणि मगच त्याची पसंती विचारावी.