पापणीची शस्त्रक्रिया : सौंदर्य, दृष्टी आणि विवेक

(न्यासाच्या वार्षिक सभेत नेत्रविभागाच्या वतीने केलेले भाषण)



दरवर्षी या सभेत आमचा नेत्रविभाग मोतीबिंदू अथवा नेत्रदान या विषयांवर बोलत असतो. यंदा आम्ही थोडा निराळा विषय निवडला आहे. "पापण्या खाली आल्या आहेत, चेहरा सदा थकलेला दिसतो, शस्त्रक्रिया करून द्याल का?" असा प्रश्न आमच्या बाह्यरुग्ण विभागात आता वारंवार विचारला जातो. त्यामागे कधी केवळ वाढते वय असते, कधी दृष्टीला होणारा अडथळा असतो, तर कधी एखादा गंभीर आजार दडलेला असतो. आरशात मात्र तिन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. म्हणूनच या विषयाची माहिती कुटुंबातील प्रत्येकाला असावी, असे आम्हांस वाटते.

पापणीची त्वचा ही आपल्या शरीरावरील सर्वांत पातळ त्वचा होय. वयानुसार ती सैल पडते, तिच्या आतील पडदा दुर्बल होतो आणि डोळ्याभोवतीची चरबी पुढे फुगून येते. ही अतिरिक्त त्वचा व गरजेपुरती चरबी काढून पापणीला आकार देण्याच्या शस्त्रक्रियेस 'ब्लेफॅरोप्लास्टी' म्हणतात. जर्मन शल्यविशारद फॉन ग्रेफे यांनी हा शब्द १८१८ साली वापरला. तेव्हा त्यांचा हेतू रोगाने नष्ट झालेली पापणी पुन्हा घडविण्याचा होता. सौंदर्याचा विचार पुढे त्यात आला.

त्वचा लोंबणे आणि पापणीच खाली येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पापणी उचलणारा स्नायू दुर्बल झाला तर केवळ त्वचा कापून उपयोग होत नाही. स्नायूवर उपचार करावा लागतो. या दोषास 'टोसिस' म्हणतात. तो बालकात जन्मजात असेल आणि पापणीने बाहुली झाकली जात असेल, तर त्या डोळ्याची दृष्टी विकसितच होत नाही. अशा बाळाला "मोठे झाल्यावर पाहू" म्हणून घरी ठेवू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे.

येथे आमचाच एक अनुभव सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी एक भगिनी मुलीच्या लग्नाआधी पापण्या नीट करून घ्याव्यात म्हणून आल्या. आम्ही त्यांना सकाळी तपासले, दोष किरकोळ वाटला, शस्त्रक्रियेची तारीखही दिली. निघता निघता त्यांचे यजमान सहज म्हणाले, "संध्याकाळी स्वयंपाक होईतो हिचे डोळे मिटायला लागतात, कधी एकाचे दोन दिसतात." आम्ही तारीख रद्द केली. तपासणीअंती तो 'मायस्थेनिया ग्रेव्हिस' हा नसा व स्नायूंमधील संदेशवहनाचा आजार निघाला. औषधोपचाराने त्यांच्या पापण्या शस्त्र न लावताच सुधारल्या. तो प्रश्न यजमानांनी सांगण्याची वाट न पाहता आम्हीच विचारावयास हवा होता. आज तो आमच्या तपासणीपत्रकावर छापलेला आहे.

एखाद्याची पापणी अचानक खाली आली, सोबत तीव्र डोकेदुखी असेल, दोन-दोन दिसत असेल किंवा एक बाहुली मोठी झाली असेल, तर तो सौंदर्याचा प्रश्न नव्हे. मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगा हे त्याचे कारण असू शकते. अशा वेळी तासाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांपासून काहीही लपवू नये. थायरॉईडचा विकार, मधुमेह, रक्तदाब, डोळ्यांचा कोरडेपणा आणि रक्त पातळ करणारी औषधे यांची माहिती अवश्य द्यावी. अ‍ॅस्पिरिन किंवा घरगुती काढेदेखील सांगावेत. मात्र हृदयरोगासाठी चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.

ही शस्त्रक्रिया बहुधा जागा बधिर करून होते व रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. टाके साधारणतः ५ ते ७ दिवसांनी निघतात; सूज व काळेनिळेपणा ओसरण्यास दोन-तीन आठवडे लागतात. डोळ्यांखालची काळी वर्तुळे अथवा भुवयांचे ओघळणे याने नाहीसे होत नाही. जास्त त्वचा कापली गेली तर डोळा पूर्ण मिटत नाही आणि बुबुळ कोरडे पडून जखम होते. म्हणून थोडे कमी काढणारा हात हाच चांगला हात, असे आम्ही मानतो. डोळ्यामागे रक्तस्राव होण्याचा प्रसंग सुमारे दोन हजारांत एखादा. दृष्टी जाणे त्याहूनही कितीतरी दुर्मीळ. परंतु शस्त्रक्रियेनंतर तीव्र वेदना, डोळा पुढे येणे किंवा दिसणे कमी होणे, यांपैकी काहीही जाणवले तर मध्यरात्रीही यावे. अशा वेळी टाके उघडून डोळ्यावरचा दाब त्वरित कमी करावा लागतो; सकाळपर्यंत थांबल्यास दृष्टी परत मिळेलच असे नाही.

आता देणगीदारांच्या मनातील प्रश्न. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. आपल्या दानातून केवळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आम्ही करीत नाही. तिचा खर्च रुग्णाने स्वतः करावयाचा असतो. पण पापणीने दृष्टी झाकली आहे हे दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत सिद्ध झाले, किंवा पापणी आत वळून केस बुबुळाला घासत असतील, तर तो उपचार दानास पात्र आहे. एखाद्या बालकाच्या बाहुलीवरून पापणी उचलली जाते, तेव्हा आपला रुपया खऱ्या अर्थाने प्रकाशाच्या कामी येतो.

सुंदर दिसण्याच्या इच्छेत काहीही गैर नाही, आणि ती घेऊन येणाऱ्यांना आम्ही कमी लेखीत नाही. आमचे मागणे एवढेच की, आरशाआधी डोळा तपासून घ्यावा.