बारमाही फुलणारी सदाफुली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘बागेविषयी चार शब्द बोला’ म्हणून सांगितले, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. शिवाय माझी बाग म्हणजे अंगणातल्या आणि गच्चीवरच्या मिळून अकरा कुंड्या. पण या कुंड्यांपायी आमच्या घरात एकदा चांगलीच वादावादी झाली आहे. तेवढ्या अनुभवावर बोलते.

२०२२ सालच्या संक्रांतीच्या सुमारास मी हौसेने जिरेनियमचे रोप आणले. लालभडक फुलांचे झुबके होते. महाशिवरात्रीपर्यंत येणारीजाणारी प्रत्येक बाई थांबून पाहायची. पुढे ऊन तापले, तशी पानांच्या कडा करपू लागल्या. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येत होता. जायकवाडीचे पाणी पैठणहून शहरात यायचे, मग पाळीपाळीने आपल्यापर्यंत पोहोचायचे. घरात दोन पिंपे, तेवढ्यावर सहा माणसांचे आठ दिवस काढायचे. तरी मी कुणाचे लक्ष नाही असे पाहून रोज सकाळ-संध्याकाळ त्या कुंडीला तांब्या-तांब्याने पाणी घालीत होते. रोप सावलीत ठेवले, ओले पोतेही भोवती गुंडाळले.

अशात नणंदबाई जालन्याहून मुलांना घेऊन आल्या. सासूबाईंनी पिंप उघडले तर तळ दिसला! नळ यायला अजून दोन दिवस होते. शेजारच्या काकूंकडून दोन हंडे उसने आणावे लागले. सासूबाई म्हणाल्या, “पोरं तहानेली, नि तुझं फूल न्हालेलं!” मला फार लागले ते. आणि इतके करून ते रोप मे महिन्यात वाळलेच.

पुढे भाचीने मोबाईलवर दाखविले की, विलायतेत जिरेनियमच्या ज्या टिकाऊ जाती आहेत त्या अगदी वेगळ्या. हिवाळ्यात त्यांची पाने गळतात, मुळे जमिनीत झोपून राहतात आणि थंडी सरली की पुन्हा फुटतात. त्यांतली ‘रोझान’ नावाची निळी जात उन्हाळ्यापासून हिमाचा कडाका पडेपर्यंत फुलत राहते. २०१३ साली लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात तिला शतकाचे झाड म्हणून मान मिळाला. तिकडच्या बायकांना कडाक्याची थंडी सोसणारे झाड हवे, आपल्याला एप्रिल-मेचे ऊन सोसणारे. तिची कौतुके वाचून आपण आपले पिंप रिकामे करण्यात अर्थ नाही, हे मला तेव्हा कळले.

आणि आपल्याला हवे ते झाड आमच्याच मोरीच्या भिंतीच्या फटीत उभे होते. सदाफुली! कुणी लावली नव्हती, कुणी पाणी घातले नव्हते, तरी भर उन्हात गुलाबी फुले होती. सासूबाईंनी पाच कुंड्यांतही तीच लावली होती. मी ‘गावठी’ म्हणून तिच्याकडे पाहतही नव्हते. खरे म्हणजे तीही मूळची इथली नव्हे. तिचे माहेर आफ्रिकेजवळचे मादागास्कर बेट. पण इथे इतकी रुळली की सून वाटतच नाही.

आता माझी दुसरी चूक सांगते. त्याच वर्षी श्रावणात सासूबाई नणंदेकडे गेल्या. मी मनाशी ठरविले, त्यांच्या झाडांची चांगली बडदास्त ठेवायची. पाऊस चालू असूनही रोज पाणी घातले, वर शेणखताचा थर दिला. पंधरा दिवसांत तीन झाडांची खोडे बुडाशी काळी पडली आणि झाडे माना टाकून गेली. उन्हाळ्यात जी तहानेने मेली नाहीत ती माझ्या मायेने मेली. सासूबाई आल्यावर काही बोलल्या नाहीत, उरलेल्या दोन झाडांच्या शेंगा तेवढ्या दाखविल्या.

तेव्हापासूनचे त्यांचे शिकविणे असे. आपली काळी माती एकटी वापरू नये, ती पाणी धरून ठेवते. निम्मा मुरूम किंवा जाडी वाळू आणि थोडे कुजलेले खत मिसळावे. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवावा, पण भोक बुजू देऊ नये. जागा भर उन्हाची हवी. सावलीत झाड नुसते उंच वाढते. खत फार दिले तर पानेच पाने येतात. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा. खुडताना जीव हळहळतो, पण फुले नव्या फांद्यांच्या टोकाला येतात. फांद्या वाढल्या तर फुले वाढणारच. वाळलेली फुले वेचीत बसावे लागत नाही, ती आपोआप गळतात.

पाण्याचे तर नीट ध्यानात ठेवा. दुपारी पाने मलूल दिसली की आपला हात लगेच तांब्याकडे जातो. जाऊ देऊ नका! संध्याकाळी पुन्हा पाहा. पाने उभी राहिली असली तर ती तहान नव्हती, उन्हाची झळ होती. सकाळीही मलूल असली आणि बोटाचे एक पेर मातीत घालून कोरडे लागले, तरच पाणी द्यावे. ओली माती असून पाने मलूल असतील तर मुळे कुजत आहेत असे समजावे. मी मे महिन्यातसुद्धा एका कुंडीला दोन दिवसांआड एक तांब्या देते, तोही तांदूळ-भाजी धुतलेल्या पाण्याचा. साबणाचे पाणी मी घालीत नाही. झड लागली की कुंड्या वळचणीला घ्याव्यात.

शेंगा जोडीजोडीने येतात. हिरव्याच्या पिवळसर झाल्या की काढाव्यात, नाही तर तडकून बी सांडते. हे बी अंधारात उगवते, म्हणून पेरल्यावर नखभर माती पसरून वर पोते झाकावे आणि कोंब दिसताच काढावे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. साखरेच्या आजारावर सदाफुलीची पाने चावतात, असे ऐकून सासूबाईंनी गोळ्यांबरोबर रोज पाने खाल्ली. आठवड्याने उलट्या झाल्या, चक्कर आली. डॉक्टरांनी आम्हां दोघींची कानउघाडणी केली, कारण पाने मीच तोडून दिली होती. हे झाड विषारी आहे. जमैकातही साखरेसाठी या पानांचा चहा घेत, म्हणून कॅनडातल्या नोबल आणि बिअर या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले. साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या. त्यातून १९५८ साली व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध हाती आले. पुढे निघालेले व्हिनक्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही देतात. पण तेही इस्पितळात, अगदी मोजून. ज्या पानांत इतके जहाल द्रव्य आहे ती घरी मूठभर खाण्याची नव्हेत. घरात रांगते मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवा.

सासूबाईंना पायऱ्या चढवत नाहीत, आता गच्चीवरच्या कुंड्या माझ्याकडे आहेत. गुलाबी आणि पांढऱ्या फुलांच्या बियांच्या पुड्या त्यांनी स्वतः बांधून दिल्या आहेत. हळदीकुंकवाच्या तबकाशेजारी ठेवल्या आहेत, जाताना एकेक घेऊन जावे.