पापण्यांचे आरोग्य आणि पुढे ढकललेली शस्त्रक्रिया



आमच्या कार्यालयाकडे एक तक्रार वारंवार येते. “गाडीभाडे खर्चून बाबांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी कन्हानला आणले आणि पापण्या सुजल्या आहेत म्हणून परत पाठविले.” मजुरीचा दिवस बुडवून आलेल्या कुटुंबाचा हा संताप रास्त आहे. आम्ही वैद्य नव्हे, वाणिज्य शाखेचे पदवीधर. तथापि नेत्रतज्ज्ञांकडून जे समजून घेतले, ते आपणांपुढे ठेवीत आहोत.

पापणीच्या कडेला सूक्ष्म तेलग्रंथींची रांग असते. वरच्या पापणीत साधारणतः ३० ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. जर्मन वैद्य हाइनरिख माइबोम यांनी १६६६ साली त्यांचे वर्णन केले व त्यांचेच नाव या ग्रंथींना मिळाले. प्रत्येक उघडझापीबरोबर हे तेल अश्रूंवर पसरते व त्यांना लवकर सुकू देत नाही. तेल घट्ट होऊन ग्रंथींची तोंडे बुजली, की जळजळ, खाज, वाळू गेल्यासारखी टोचणी व सकाळी चिपडांनी पापण्या चिकटणे सुरू होते. डोक्यातील कोंडा, त्वचेवरील जंतू व केसांच्या मुळाशी राहणारे अतिसूक्ष्म परजीवी हीही कारणे असतात. खाणीची व रस्त्याची धूळ, तसेच डोळे चोळण्याची सवय या त्रासात भर घालते.

पापणीच्या कडेवरील जंतू शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्याच्या आत शिरू शकतात. असा संसर्ग क्वचितच होतो; परंतु झाल्यास दृष्टी जाऊ शकते. म्हणूनच आधी पापण्या बऱ्या कराव्या लागतात.

उपचाराचा पाया घरगुती आहे. हात स्वच्छ धुऊन, सोसेल इतक्या कोमट पाण्यात भिजवून पिळलेले स्वच्छ फडके मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवावे. नंतर पापणी कडेच्या दिशेने हलकेच दाबावी व कडा ओल्या कापसाने पुसावी. हा विकार बहुधा कायमचा जात नाही; मधुमेहाप्रमाणे तो आटोक्यात ठेवावा लागतो. बरे वाटताच काळजी सोडली, की तो परततो.

दोन गोष्टी विसरू नयेत. दुकानातून परस्पर आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असल्यास दीर्घ वापराने काचबिंदू होऊ शकतो. तसेच वृद्धांच्या पापणीवर एकाच जागी पुनःपुन्हा गाठ येत असेल वा तेथील केस गळत असतील, तर ती नेहमीची रांजणवाडी समजू नये; तेलग्रंथीचा कर्करोगही तसाच दिसतो.

पापण्यांना आत वळवून अंधत्व आणणाऱ्या खुपऱ्या एके काळी देशभर होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये, सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारताने त्यांचे उच्चाटन केल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. औषधांइतकाच त्यात स्वच्छ पाण्याचा व चेहरा धुण्याच्या सवयीचा वाटा आहे.

अहवालाच्या तक्त्यांत शस्त्रक्रियांची संख्या छापली जाते. पापणी कशी पुसावी हे रुग्णाच्या सुनेला पंधरा मिनिटे शिकविणाऱ्या परिचारिकेचे काम कोणत्याच रकान्यात बसत नाही. देणगीदारांनी या वेळेचाही भार उचलावा, ही विनंती. आमच्याकडून, शस्त्रक्रियेची तारीख देण्यापूर्वीच पापण्या तपासण्याचा नियम आम्ही करीत आहोत, जेणेकरून कोणाचीही फेरी व्यर्थ जाऊ नये.