शनिवार तेल्यांचें स्वयंपाकघर

काटकसर या शब्दाचा अर्थ पुष्कळ घरांत कमी आणणें, कमी वाढणें आणि महिनाअखेरीस कपाळाला हात लावणें एवढाच घेतला जातो. वस्तुतः काटकसर बाजारांत सुरू होते आणि चुलीपाशीं पुरी होते. तिची खरी कसोटी लागते ती मात्र अशा घरांत, जेथें स्वस्त मिळणारी वस्तुहि पुष्कळदां घेतां येत नाहीं. धर्माची आज्ञा एका बाजूस आणि बेताची मिळकत दुसऱ्या बाजूस, अशा दोन काठांमधून वाट काढणारें घर पाहण्यासाठीं महाराष्ट्राबाहेर जाण्याचें कारण नाहीं. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल यहुद्यांनीं अशीं घरें पिढ्यानपिढ्या चालविलीं.

या समाजाची परंपरा अशी सांगते कीं, फार प्राचीन काळीं अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यापाशीं त्यांच्या पूर्वजांचें जहाज फुटलें, आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच माणसें वांचलीं. त्यांचे वंशज कोंकणांत गांवोगांव पसरले, तेलाचे घाणे चालवूं लागले, आणि पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर अशीं गांवांवरून पडलेलीं आडनांवें लावूं लागले. शनिवारीं ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनीं त्यांना शनिवार तेली हें नांव दिलें. अठराव्या शतकांत त्यांतील कित्येक कुटुंबें मुंबईस आलीं. सामाजी हसाजी दिवेकर यांनीं १७९६ मध्यें तेथें समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर उभारलें. पुढें पलटणींत, कचेऱ्यांत आणि कारखान्यांत नोकऱ्या करून ठराविक पगारावर संसार करणारीं हीं माणसें होतीं. लक्षाधीश त्यांत विरळा.

यहुदी धर्मशास्त्रानें अन्नाविषयीं घालून दिलेले नियम कडक आहेत. रवंथ करणारें आणि दुभंगलेल्या खुरांचें जनावरच खाण्यास योग्य. तेंहि जाणत्या माणसानें विधिपूर्वक कापलेलें असावें लागतें. रक्त सर्वस्वी वर्ज्य आहे. म्हणून मांस अर्धा तास पाण्यांत भिजवून, मीठ लावून तासभर निथळत ठेवून, पुन्हां पुन्हां धुवावें लागतें. मांस आणि दूध एकत्र शिजवितां येत नाहीं, एका जेवणांत खातां येत नाहीं, आणि दोहोंचीं भांडींहि निराळीं ठेवावीं लागतात. मासा खावयाचा तर त्याला पंख आणि खवले दोन्ही असले पाहिजेत. यांतील प्रत्येक नियमाला किंमत आहे. शेजारची गृहिणी स्वस्त दिसेल त्या दुकानांतून मटण घेऊं शके. या घराला मात्र समाजाच्या काजीनें किंवा त्या कामांत तयार असलेल्या माणसानें कापलेल्या जनावराचेंच मांस चाले. भांड्यांचा खर्चहि अर्थातच अधिक. तरीहि हीं घरें चाललीं, आणि मुलांचें शिक्षणहि झालें; १८७५ मध्यें हायम सामुएल किहीमकर यांच्या पुढाकारानें मुंबईंत इस्राएली शाळा निघाली. हें कसें साधलें, तें पाहण्यासारखें आहे.

पहिली परीक्षा मासळीच्या टोपलीपाशीं. या समाजांत एक जुनी कथा सांगतात. दाविद राहाबी नांवाचा एक यहुदी धर्मज्ञ कोंकणांत आला. हे तेली खरोखर आपल्या धर्माचे आहेत कीं काय, हें पाहण्यासाठीं त्यानें त्यांच्या स्त्रियांपुढें तऱ्हेतऱ्हेची मासळी एकत्र करून ठेवली व ती शिजविण्यास सांगितलें. स्त्रियांनीं खवल्यांचे आणि पंखांचे मासे तेवढे वेगळे काढले; बाकीच्यांना हात लावला नाहीं. राहाबीची खात्री पटली. हिब्रू पोथ्या विसरलेल्या समाजाची ओळख अशा रीतीनें बायकांच्या निवडत्या हातांवरून पटली, असें ही कथा सांगते.

निवडीचा हा हात पैशाच्याहि कामीं येई. पापलेट, सुरमई आणि रावस शास्त्राला चालतात, पण खिशाला रोज चालत नाहींत. म्हणून नेहमींच्या कालवणासाठीं बांगडा, तारली आणि खाडींतील बोई यांच्याकडे लक्ष ठेवावें लागे. दिवस कलला आणि कोळणीच्या टोपलींत मासळी उरली म्हणजे भाव उतरतो. परंतु उतरत्या भावाची मासळी घेतांना कल्ले लाल आहेत कीं नाहींत, डोळा चमकतो कीं नाहीं, आणि बोटानें दाबलेलें अंग पुन्हां वर येतें कीं नाहीं, हें पाहिलें नाहीं तर स्वस्ताई महागांत पडते. खवले पाहण्यासाठीं प्रत्येक मासा उलटून पाहण्याची जिला संवय, तिला ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाहीं.

खरी अडचण पावसाळ्यांत. होड्या किनाऱ्याला ओढल्या आणि ताजी मासळी मिळेनाशी झाली, कीं कोंकणांतील गरिबाचा आधार म्हणजे सुकट, जवळा आणि सोडे. मूठभर सुकटीवर चार माणसांचा भात उतरतो. पण कोळंबीच्या जातीला खवले नाहींत. तेव्हां शेजारून कितीहि खमंग वास आला, तरी बेने इस्राएलांच्या चुलीवर सुकट चढत नसे. तिसऱ्या, चिंबोऱ्या आणि मोरी यांचीहि तीच गोष्ट. जें सर्वांत स्वस्त, नेमकें तेंच वर्ज्य.

ही उणीव वालांनीं भरून काढली. वाल हंगामांत पायलीच्या मापानें घ्यावे, कडक ऊन देऊन डब्यांत भरावे, आणि पावसाळाभर काढावे. रात्रीं भिजत घालून, फडक्यांत बांधून मोड आणावे. कोमट पाण्यांत टाकून सालें काढावीं. मग कांदा, हळद, मिरची, आमसूल, गुळाचा खडा आणि नारळाचा रस घालून बिरडें करावें. भिजून मोड आल्यावर वाटीभर वाल फुगून दुपटीच्या आसपास होतात, आणि त्यांना ना काजी लागतो ना बाजार. या साध्या पदार्थाला समाजांत एवढा मान मिळाला, कीं यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाच्या स्मरणार्थ आब महिन्याच्या नवव्या दिवशीं जो उपवास पाळतात, त्याला कोंकणांतील लोक बिरड्याचा रोजा म्हणूं लागले. हा दिवस जुलै-ऑगस्टांत, म्हणजे ऐन पावसांत येतो.

दुसरा आधार नारळाचा. मांसाच्या जेवणांत दूध, दहीं, ताक, लोणी, तूप यांतील कांहींच चालत नाहीं. नारळाच्या दुधाला मात्र हा निर्बंध नाहीं. म्हणून मटणाचें कालवण नारळाच्या दुधांत, सणाची खीर नारळाच्या दुधांत, आणि जेवणाच्या शेवटीं ताकाऐवजीं आमसुलांची सोलकढी. नारळ वापरण्याचा हिशेबहि शिकण्यासारखा आहे. वाटलेलें खोबरें पहिल्यांदा पिळून जें दाट दूध निघतें, तें बाजूला ठेवावें. चोथ्यावर कोमट पाणी घालून दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदा पातळ दूध काढावें. कालवण पातळ दुधांत शिजवावें आणि दाट दूध शेवटीं, आंच मंद करून घालावें; आधीं घातल्यास तें फुटतें. उरलेला चोथा तव्यावर परतून लसूण-मिरचीबरोबर कुटला, कीं भाकरीला चटणी झाली. करवंटी चुलींत जाते आणि काथ्या भांडीं घासण्यास उपयोगी पडतो.

तेलाचेंहि असेंच. तूप मांसाला चालत नाहीं; तेल मांसालाहि चालतें आणि दुधाच्या पदार्थांनाहि चालतें. तेव्हां घरांत तुपाचा डबा लहान आणि तेलाचा मोठा, हें घाणा चालविणाऱ्यांना सर्वथा सोयीचें होतें. मटण क्वचित् आणि थोडें. तें बटाट्याबरोबर शिजवून रस्सा वाढवावयाचा आणि हाडांचा अर्क त्यांतच उतरवावयाचा. मांस आधीं मिठांत ठेवलेलें असतें, म्हणून कालवणांत मीठ घालतांना हात आंखडावा लागतो, हें नव्या सुनेला पहिल्या आठवड्यांतच कळे.

आतां शब्बाथाकडे वळावें. शुक्रवारीं सूर्य मावळल्यापासून शनिवारीं रात्र पडेपर्यंत चूल पेटवावयाची नाहीं, बाजार करावयाचा नाहीं आणि पैशाला हात लावावयाचा नाहीं. सात दिवसांतील एक दिवस पैशाची पिशवी बांधलेलीच राहते. अर्थात् शुक्रवारीं दोन दिवसांचा अंदाज अचूक घ्यावा लागतो. कमी पडलें तर मागाहून आणतां येत नाहीं, आणि उरलें तर उन्हाळ्यांत नासतें. जी स्त्री दर आठवड्यास दोन दिवसांचा अंदाज चुकूं देत नाहीं, तिला महिन्याचा अंदाज जड जात नाहीं. पदार्थहि टिकणारे निवडावयाचे: आमसुलाच्या आंबट कालवणाची चव दुसऱ्या दिवशीं मुरून वाढते. शब्बाथच्या आशीर्वादासाठीं द्राक्षाचा मद्यरस लागतो. येथें काळ्या मनुका भिजवून, चुरून, गाळून केलेल्या सरबतावर तें काम भागविलें गेलें. मूठभर मनुकांत सारें घर आशीर्वादांत सामील होई.

सणांतहि हीच रीत दिसते. नव्या वर्षाला चिकाचा हलवा: गहूं भिजवून, वाटून, त्यांचा चीक काढावा आणि नारळाच्या दुधांत साखर घालून आटवावा. गाईचें दूध नसल्यामुळें तो मांसाच्या जेवणानंतरहि खातां येतो. वल्हांडण सणाला बिनखमिराची भाकर लागते, ती घरींच लाटावयाची. १८७४ मध्यें पुण्यास छापलेल्या हगादा या हिब्रू-मराठी पोथींतील चित्रांत लुगडें नेसलेल्या स्त्रिया ही भाकर तयार करतांना दाखविल्या आहेत.

आणि नवस फेडण्याचा मलिदा. एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलीया संदेष्टा, याच्या स्मरणानें केला जाणारा हा विधि कोंकणी बेने इस्राएलांचा खास आहे. पोहे धुवून त्यांत खोवलेला नारळ व साखर मिसळावयाची, वेलची-जायफळ लावावयाचें, भोंवतीं फळें मांडावयाचीं आणि प्रार्थनेनंतर सर्वांस वांटावयाचें. चूल नको, तूप नको, आचारी नको. ऐपतदार मनुष्य वर बदाम-बेदाणे घालील, गरीब घालणार नाहीं. पण ताट तेंच आणि प्रार्थना तीच. शुभ कार्यासाठीं कर्ज काढण्याची पाळी गरिबावर न येऊं देणारा हा विधि आहे.

या चित्राची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. या काटकसरींत जें पैशानें वांचलें, तें पुष्कळदां बाईच्या श्रमानें भरलें गेलें. वाल सोलणें, नारळ वाटून तीनदां पिळणें, गव्हाचा चीक काढणें, मांस भिजविणें-खारविणें-धुणें, दोन प्रकारचीं भांडीं वेगळीं घासणें, आणि शुक्रवारीं सूर्यास्तापूर्वीं हें सारें उरकणें, याची मजुरी कोणत्याहि जमाखर्चांत मांडलेली आढळत नाहीं. घरची काटकसर म्हणून जिचें कौतुक होतें, तिची अर्धी रक्कम गृहिणीच्या नांवें जमा धरली पाहिजे. तिच्या कष्टांत वांटा न उचलतां तिच्या काटकसरीची वाखाणणी करणें, हा न्याय नव्हे.

१९४८ मध्यें इस्राएल राष्ट्र स्थापन झालें, आणि पुढील दशकांत या समाजाचा मोठा भाग तिकडे गेला. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद या गांवीं आज त्यांच्या वस्त्या आहेत. भारतांत कांहीं हजारच लोक उरले आहेत. तरी सणाच्या दिवशीं चिकाचा हलवा आणि नवसाला मलिदा या दोन्ही ठिकाणीं होतो. थाट मोठा असता, तर तो परमुलखांत टिकता ना. थोडक्यांत होणारी गोष्ट माणसाला बरोबर नेतां येते.

ज्या घरांना हे नियम लागू नाहींत, त्यांनाहि यांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. बाजारांत जाण्यापूर्वीं काय आणावयाचें नाहीं, हें ठरलेलें असावें. आठवड्यांतून एक दिवस पिशवी बांधलेली राहावी. एका नारळाचे, एका वाटी कडधान्याचे सर्व उपयोग घरांतील प्रत्येकास, पुरुषांसहि, ठाऊक असावेत. आणि पाहुण्याच्या ताटांत, गरिबाच्या वांट्यांत व सणाच्या दिवशीं मात्र हात आंखडूं नये. कारण काटकसर करावयाची ती त्या दिवशीं मोकळ्या हातानें वाढतां यावें म्हणूनच.